एकोणचाळीस

लष्कराचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे गणतीबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते वाचायची तसदी कोणी घेत नसे आणि तिची त्याबद्दल तक्रारही नव्हती. आपल्याविषयी लोकांना जेवढं कमी ठाऊक तेवढं बरं, असं तिला मनापासून वाटे.

काम म्हटलं तर सोपं. शिवून, इस्त्री होऊन आलेल्या विजारी तिच्या टेबलावर यायच्या. ती एकेक उचलायची, मोठ्याने आकडा म्हणायची आणि बाजूला ठेवायची. शेजारचा कारकून वहीत रेघ ओढायचा. चाळीस झाल्या की गठ्ठा बांधायचा. चौतीस वर्षं हेच करून पाहा, म्हणजे सोपं म्हणजे काय ते कळेल. तिचा एकही गठ्ठा कधी चुकला नव्हता. फक्त एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस आले की ती जरा थांबायची आणि मग तो आकडा लांबवून म्हणायची. कारकुनाला वाटलं, आपली पेंग उडावी म्हणून बाई थांबते. त्याने ही युक्ती नव्या लोकांनाही शिकवली. होता होता सगळा कारखानाच एकोणापाशी थांबू लागला.

खरी गोष्ट निराळीच होती. गणतीबाई नदीपलीकडची, म्हणजे आता ज्यांच्याशी युद्ध चाललं होतं त्या देशातली. तिकडे पंचवीसला वीस-पाच म्हणतात आणि एकोणतीसला वीस-नऊ. सरळ हिशेब. अठराव्या वर्षी लग्न होऊन ती इकडे आली, तेव्हाही दोन्ही देशांचं फारसं सख्य नव्हतंच. नवरा म्हणाला, "लोकांना कशाला सांगायचं? उगाच नसत्या चौकशा." त्याने तिला चुलीसमोर बसवून इकडचे आकडे घोकून घेतले. बाकीचे बसले जिभेवर, एकोण काही बसेना. एक कमी तीस, ही काय बोलायची रीत झाली? जो पाहुणा दारात आलाच नाही, त्याचं नाव आधी घ्यायचं! अजूनही ते आलं की मनात वीस-नऊ उमटायचं. ते गिळायचं आणि मग योग्य शब्द बाहेर काढायचा, याला जेवढा वेळ लागे तेवढी ती थांबे. नवरा गेला आणि हे गुपित जाणणारं दुसरं कोणी उरलं नाही. मुलगी सरकारी शाळेत मास्तरीण झाली. तिच्यापाशीही आईने कधी ब्र काढला नव्हता.

युद्धाच्या तिसऱ्या महिन्यात फर्मान निघालं. ज्यांचा जन्म पलीकडचा, त्यांची रवानगी छावणीत. त्यांच्या मुलांचीही, मग ती इकडे जन्मलेली का असेनात. छावणीत गेलेल्यांचं पुढे काय होतं, हे कोणी विचारत नव्हतं. विचारणाऱ्याकडेच लोक संशयाने बघत.

एका सकाळी पहिला भोंगा झाला आणि कारखान्याचं दार बाहेरून बंद झालं. आत तपासनीस आला, बरोबर दोन शिपाई. तपासनीस तरुण होता, चष्मा लावलेला, बोलायला अगदी गोड. अशांचीच जास्त भीती वाटते.

"घाबरू नका," तो म्हणाला. "कागद खोटे करता येतात, जीभ खोटी करता येत नाही. प्रत्येकाने फक्त वीस ते चाळीस आकडे म्हणायचे. भरभर. आहे काय त्यात?"

गणतीबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने टेबलाची कड धरली. मुलगी या वेळी वर्गात फळ्यासमोर उभी असेल, हातात खडू असेल आणि तिला कशाची कल्पनाही नसेल. आपली एक जीभ अडखळली तर तिला तिथूनच उचलतील.

"इथे आकडे मोजण्याचं काम कोण करतं?" तपासनिसाने विचारलं. चाळीस बोटं तिच्याकडे वळली.

"मग तुमच्यापासूनच सुरुवात करू, बाई."

तिने डोळे मिटले नाहीत. समोर विजारी आहेत असं मनाला बजावलं आणि सुरू केलं. एकोणतीस आलं. ती थांबली, गिळलं, लांबवलं. तपासनिसाची भुवई वर गेली.

कारकून मध्येच बोलला, "आमची पद्धत आहे ती, साहेब. इथे सगळेच थांबतात. गठ्ठा चुकू नये म्हणून."

बिचाऱ्याने किती मोठं काम केलं हे त्याला जन्मात कळणार नव्हतं. ती चाळीसपर्यंत पोहोचली. तपासनीस हसला. "छान. तुमचा कान तयार दिसतो. माझ्या शेजारी उभ्या राहा. कोणी चुकलं की हात वर करायचा."

म्हणजे ज्याची भीती, त्याच्याच पंगतीत बसायची वेळ आली. एकेक जण पुढे येत होता. शिलाईवाल्या, काजं करणाऱ्या, कापणारे. सगळे इकडचे, सगळे घाबरलेले. एक पोरगी तर रडत रडत चौतीसवर विसरली, तेव्हा तपासनिसाने तिला पाणी दिलं आणि पुन्हा म्हणायला लावलं. गणतीबाईचा हात खालीच होता.

मग इस्त्रीवाला आला. पंचावन्नच्या घरातला, धिप्पाड. त्याला सगळे दणक्या म्हणत, कारण पाळी सुरू होताना देशाचा जयजयकार तोच दणक्यात करायचा आणि वर, "पलीकडचा एकेक वेचून नदीत बुडवला पाहिजे!" हेही जोडायचा. त्या वाक्यावर गणतीबाई रोज खाली मान घालून विजारी सारख्या करत बसे. मनातून तिला त्याचा अस्सा राग होता.

दणक्या आकडे म्हणत सुटला. विशी एकोणतीससकट झपाट्यात गेली. छत्तीस, सदतीस, अडतीस, आणि मग तो म्हणाला, "तीस-न..."

अर्धाच शब्द. ओठांत आला आणि तिथेच मेला. इतरांना ती नुसती अडखळ वाटली. गणतीबाईच्या मात्र अंगावर सर्रकन काटा आला. तो शब्द तिने स्वतः चौतीस वर्षं रोज गिळला होता, तो तिला ओळखू येणार नाही तर कोणाला?

दणक्याचा चेहरा पांढराफटक पडला. तपासनिसाने मान वळवली, तिच्याकडे पाहिलं. हात वर केला की संपलं. मग तिच्यावर कोणी कधी संशय घेतला नसता. रोज नदीत बुडवायला निघाला होता ना? जा म्हणावं आता. हे सगळं तिच्या मनात आलं. नाही आलं असं म्हटलं तर खोटं होईल.

"अहो, किती थांबता!" ती एकदम खेकसली. "टेबलावर थांबायचं, साहेबांसमोर नाही. एकोणचाळीस म्हणा आणि मोकळे व्हा."

"एकोणचाळीस," दणक्या म्हणाला. "चाळीस."

"काय म्हणाला तो आधी?" तपासनिसाने तिला हळूच विचारलं.

"तीस म्हणून मागे घसरला, साहेब. पुन्हा तिसापासून सुरू करणार होता. घाईत होतं तसं, आमच्या गठ्ठ्यांतही होतं."

तपासनीस तिच्याकडे पाहत राहिला. तिच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. शेवटी त्याने कागदावर खूण केली आणि म्हणाला, "पुढचा."

दुपारी शिपाई निघून गेले. कोणालाही नेलं नव्हतं. लोक मोठमोठ्याने हसत होते, नको इतके हसत होते. गणतीबाई हात धुवायला मागच्या नळावर गेली. मागोमाग पावलं वाजली. दणक्या होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी बारीक आवाजात बोलला. पलीकडच्या बोलीत. लग्नानंतर तिच्या कानावर ती बोली पहिल्यांदाच पडत होती.

"ताई, तुझं घर नदीच्या वरच्या अंगाला की खालच्या?"

तिकडे पहिल्या भेटीत हेच विचारतात. मग नाती निघतात, ओळखी निघतात, दोन तास कसे गेले कळत नाही. या अख्ख्या शहरात तिला असं विचारणारं एकच माणूस होतं आणि ते समोर उभं होतं. पण हा खरंच विचारत होता, की तपासनिसाने पाठवला होता? आणि खरा असला, तरी उद्या याला धरलं तर हा कोणाचं नाव सांगेल? मुलगी शाळेतून यायची होती.

"काय म्हणालात?" ती इकडच्या स्वच्छ भाषेत म्हणाली. "मला काही समजलं नाही."

त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटे नव्हते हे तिला त्याच क्षणी कळलं. पण शब्द बोलून झाले होते.

"काही नाही, बाई," तो इकडच्याच भाषेत म्हणाला. "बरोबर आहे तुमचं." आणि वळून आत गेला.

तो दिसेनासा होईपर्यंत ती थांबली. मग तिने नळ पूर्ण सोडला, पाण्याचा आवाज मोठा होऊ दिला आणि बादलीवर वाकून आपल्या बोलीत म्हणाली, "वरच्या."