घंटा होऊ दे

अप्पांनी आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलं नाही. ते फक्त म्हणायचे, "घंटा होऊ दे." लग्न होऊन लातूरला आले तेव्हा पहिल्याच महिन्यात मी त्यांना विचारलं, "अप्पा, चार दिवस माहेरी धर्माबादला जाऊन येऊ का?" सासरे नुकतेच पूजेवरून उठले होते, कपाळावरची विभूती अजून ओली होती. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "घंटा होऊ दे." मला वाटलं, दहा मिनिटांत सांगतील. ती घंटा अडीच महिन्यांनी झाली.

आणि घंटा खरोखरची होती. निलंग्याकडच्या एका खेड्यात अप्पा एकतीस वर्षं मास्तर, त्यातली शेवटची अकरा हेडमास्तर. शाळेत विजेची घंटा आली तेव्हा जुनी पितळी हातघंटा निरोप समारंभात शाल-श्रीफळाबरोबर त्यांना देऊन टाकली. शाल त्यांनी कधी पांघरली नाही. घंटा मात्र आमच्या पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये फ्रिजवर बसली. सहाला पूजेची, दहाला जेवणाची, दुपारी उठायची, संध्याकाळी दिवाबत्तीची. घरात माणसं चार, त्यातही आमचे हे नांदेडला नोकरीला, शनिवारी येणारे. पण घंटा कधी चुकली नाही. शेजारणी आधी हसल्या, मग त्या घंटेवर कुकर लावू लागल्या.

शाळेत त्यांचा दरारा होता तो एकीला सोडण्यावरून. पोरानं करंगळी वर केली की बाकीचे मास्तर 'जा' म्हणायचे, अप्पा म्हणायचे, "घंटा होऊ दे." पोरगं बाकावर पाय आवळून बसायचं. काहींची चड्डी ओली व्हायची, मग ती ओली चड्डी घेऊन सगळ्या वर्गासमोर उभं राहायचं. एकदा बाजारात किल्लारीकडचा एक खताचा दुकानदार त्यांच्या पाया पडला आणि हसत हसत म्हणाला, "गुरुजी, तुमच्या दहशतीनं अजून बी मधल्या सुट्टीबगर होत न्हाई बघा मला." पोट सुटलेला, केस पिकलेला माणूस. अप्पा घरी येईपर्यंत खूश होते. मला म्हणाले, "बघितलीस का महानंदा? ह्याला म्हणतात सवय."

सवयीवर त्यांचा देवाइतका विश्वास. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाची गोष्ट तर त्यांनी मला किमान पन्नास वेळा सांगितली असेल. पोरं सवयीनं वहीवर जुनाच जिल्हा लिहायची. अप्पांनी शंभर-शंभर वेळा 'जिल्हा लातूर' लिहून घेतलं, आणि जो चुकला त्याच्या तळहातावर छडी. "सरकारला जिल्हा करायला इतकी वर्षं लागली," ते म्हणायचे, "माझ्या पोरांला आठ रोज." त्या आठ दिवसांत शाळा सोडून गेलेल्या दोन पोरांचा उल्लेख मी एकदाच, त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याकडून ऐकला.

पेढा आला तो नेमका लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात. गौरी, माझी मुलगी, सहावीत होती. रस्त्याकडेच्या नालीत सापडलेलं ते कुत्र्याचं तांबूस पिल्लू तिनं दप्तरात घालून आणलं आणि पेढा असं नाव ठेवूनच घरात शिरली. नाव ठेवलेल्या जीवाला बाहेर काढणं अवघड असतं, हे तिला कुणी शिकवलं देव जाणे. पण तेव्हा घरातल्या माणसांनाच पाणी पुरत नव्हतं. गच्चीवरची टाकी कोरडी. दिवसाआड टँकर यायचा, प्रत्येक फ्लॅटला दहा घागरी, त्या लिफ्टनं वर आणायच्या. भांडी घासलेल्या पाण्यानं फरशी, फरशीच्या पाण्यानं संडास. अप्पांच्या पूजेला तांब्याभर लागायचं, ते त्यांनी एका पळीवर आणलं होतं. अशा घरात पेढा दिवसातून आठ वेळा मुतायचा. सोफ्याखाली, तुळशीच्या कुंडीत, एकदा माझ्या इस्त्रीच्या साडीवर. मी कचेरीतून आले की आधी वास घ्यायची आणि मग चप्पल काढायची.

पाचव्या दिवशी तो लिफ्टमध्ये मुतला. सोसायटीचे चेअरमन दारात आले. कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायच्या गोड सवयीनं ते बोलले, पण बोलले ते असं, "गुरुजी, प्यायला पाणी न्हाई अन् लिफ्ट धुवायला दोन बादल्या गेल्या. तुमच्याकडं बघून गप हाव. उद्या वॉचमनला सांगून पोत्यात घालून सोडावं लागंल." गौरी माझ्या पदराआड उभी होती.

अप्पांनी पिल्लाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "आठ रोज द्या मला," ते चेअरमनला म्हणाले. "न्हाई झालं तर मीच पोतं धरतो."

गौरीनं त्यांना मिठी मारली. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू. अप्पांना कुत्र्याचा विटाळ. पूजेआधी त्याची सावलीही चालत नसे, आणि ते त्याच्यासाठी शब्द टाकत होते.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुरू झाली. अप्पा त्याला पेढा कधीच म्हणाले नाहीत, 'विद्यार्थी' म्हणायचे. विद्यार्थ्याला दिवसातून तीनदा पाणी, आमटीच्या छोट्या वाटीनं, तेही अर्धी वाटी. पाणी पाजल्यावर तासाभरानं घंटा, आणि घंटा झाली की पाच मजले उतरून बिल्डिंगमागच्या मोकळ्या प्लॉटवर. "पाणी कमी, एकी कमी," अप्पा म्हणाले. "ह्यात काय मोठं शास्तर हाय?" मी म्हणाले, "अप्पा, ऊन बघा किती आहे, पिल्लाची जीभ बाहेर लोंबून राहिली." तर म्हणाले, "माणसाच्या पोरांची लोंबत नव्हती व्हय?"

चुकलं की शिक्षा. नाक त्या ओल्यात घासायचं, मग बाल्कनीच्या गजाला दोरी इतकी आखूड बांधायची, की बसता येऊ नये. एप्रिलातली दुपार, पाचवा मजला, पश्चिमेची बाल्कनी. फरशी इतकी तापायची की पेढा एकेक पाय आळीपाळीनं वर उचलायचा. त्याचं केकाटणं पहिल्या दिवशी सगळ्या बिल्डिंगनं ऐकलं, दुसऱ्या दिवशी थोड्यांनी. तिसऱ्या दिवशी तो ओरडायचा थांबला. गौरीनं जेवण सोडलं. मी तिला समजावलं, अप्पा त्याच्या भल्याचंच करतात. मी तसं म्हटलं कारण त्या दिवशी माझी फरशी कोरडी होती. आठवडाभरात पहिल्यांदा मी घरात अनवाणी चालले होते.

सातव्या दिवशी पेढा शिकला. घंटा झाली की तो दारापाशी शेपटी ताठ करून उभा राहायचा, आणि घंटा झाली नाही तर घरात काय, लिफ्टमध्ये काय, उघड्या मैदानातसुद्धा करायचा नाही. चेअरमन स्वतः बघायला आले. अप्पांनी घंटा वाजवली, पेढा पाच मजले धडाधडा उतरला आणि प्लॉटवर जाऊन मोकळा झाला. "गुरुजी, मानलं तुमाला," चेअरमन म्हणाले. अप्पांनी त्या दिवशी विद्यार्थ्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग हात धुतले, अर्ध्या भांड्यात.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. नळाला पाणी आलं, टाकी भरली, घागरी माळ्यावर गेल्या. पेढ्याची वाटी मात्र अर्धीच राहिली. सवय मोडायची नाही म्हणून. गौरी चोरून पाणी द्यायची, तर तो पठ्ठ्या तोंड लावायचा नाही, अप्पांकडे बघायचा. मी हे पाहून हसले होते. हसले होते हे मला आठवतं.

पुढच्या माघात लोह्याला लग्न होतं. सकाळी जाऊन संध्याकाळच्या घंटेला परत यायचं, असं अप्पांनीच ठरवलं. परतताना जीप बंद पडली, मुक्काम तिथंच झाला. शेजारच्या काकूंकडे किल्ली होती. त्यांनी पेढ्याला तीनदा खाली नेलं, पण आधी घंटा वाजवायची हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तो प्लॉटवर बसून पाचव्या मजल्याकडे बघत राहिला आणि तसाच वर आला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही दार उघडलं तेव्हा तो उंबऱ्यापाशी पडला होता. पोट ताठ. घरभर फरशी कोरडी ठणठणीत.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोट चाचपलं. "खडा दिसतोय. त्यात रोखून धरलंय. पाणी किती पितो?"

"बेतानं," अप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी नळी घालायचा प्रयत्न केला, मग मान हलवली. अप्पांनी पेढ्याला उचलून स्वतःच्या धोतरावर घेतलं. पूजा झाली नव्हती, आंघोळसुद्धा नव्हती. "महानंदा, घंटा आण," ते म्हणाले. मी रिक्षानं घरी गेले आणि घंटा घेऊन आले. दवाखान्याच्या अंगणात, म्हशी-बैलांच्या गर्दीत, अप्पा घंटा वाजवत बसले. "जा बाळा. झाली घंटा. जा." पेढ्यानं पुढचे पाय टेकून उठायचं केलं. धोतरावर रक्ताचे चार थेंब पडले. दुपारपर्यंत तो गेला.

गौरी पुढं कित्येक महिने अप्पांशी बोलली नाही. अप्पांनी ते मुकाट्यानं सोसलं. धोतर त्यांनी स्वतः धुतलं आणि घंटा माळ्यावर टाकली. त्या विषयावर ते मला एकदाच बोलले, भाजी निवडता निवडता. "लई हुशार होता गं तो. मठ्ठ असता तर वाचला असता." मी त्या दिवशी त्यांना मनातून माफ केलं. त्यांच्यावर मी माया केली ती तेव्हापासूनच.

दोन वर्षांनी अप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ठेवलेल्या बाया पंधरा दिवसांच्या वर टिकल्या नाहीत. लंगोटानं जखमा झाल्या, तो सोडावा लागला. मी दहाला कचेरीत जायची, दुपारी शेजारच्या काकू येऊन आंबील भरवायच्या, सहाला मी परत. दिवसाला तीन चादरी, कधी चार. यांचा शनिवारी फोन यायचा की या शनिवारी जमत नाही. मी वाईट बाई नाही, हे मी स्वतःला रोज सांगते. एका सकाळी मी अप्पांच्या पाण्याचा पेला अर्धा भरला. दुसऱ्या दिवशी आमटीची वाटी काढली. काकूंना म्हणाले, डॉक्टरांनी पाणी बेतानं द्यायला सांगितलंय. डॉक्टरांनी असं काहीच सांगितलं नव्हतं. नळाला पाणी होतं, टाकी भरलेली होती. दुष्काळ नव्हताच.

चादरी एकावर आल्या. अप्पा डाव्या हाताची करंगळी वर करायचे, मी भांडं धरायची. एकदा मी निघायच्या घाईत होते, साडीला पिना लावत होते. करंगळी वर झाली. मी आरशातून पाहिलं आणि म्हणाले, "घंटा होऊ द्या, अप्पा."

त्यांनी बोट खाली घेतलं. त्यानंतर मी घरी येईपर्यंत त्यांनी करंगळी कधीच वर केली नाही. सहाला कडीचा आवाज झाला की मगच. चादर कोरडी असायची. मी काकूंना कौतुकानं सांगितलं की अप्पांना आता सवय झाली. सांगताना मला बरं वाटलं होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं जीभ पाहिली, मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. "किडन्या गेल्यात," तो म्हणाला. "पाणी किती पितात हे?"

"बेतानं," मी म्हणाले.

शब्द तोंडातून गेल्यावर कळलं तो कुणाचा आहे. अप्पा जागे होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग असता तर मी सुटले असते. गणित बरोबर सुटल्यावर मास्तर पोराकडे बघतात तसं त्यांनी पाहिलं, आणि चादरीवरची डावी करंगळी जराशी वर केली.

"झाली घंटा, अप्पा," मी म्हणाले. "जा. झाली." मी ते किती वेळा म्हणाले, मला माहीत नाही. नर्सनं येऊन मला बाजूला केलं आणि चादर उचलून पाहिली. चादर कोरडी होती.