मागून चालणारी

राखण कधीही पुढे चालली नाही. आमच्या चौघांत नेम सगळ्यात चांगला तिचा, कान सगळ्यात तिखट तिचे, तरी विमानातून त्या बेटावर उतरलो की ती आमच्या दहा पावलं मागेच असायची. मी एकदा तिला म्हटलं, "अगं, तू पुढे हो. तू पुढे राहिलीस तर आपण जिंकू." ती हसली. म्हणाली, "शेळ्या हाकणारं मागूनच चालतंय बाई. म्होरं चाललं तर मागं कोण ऱ्हायलं ते कसं दिसंल?"

ओवी, निनाद, मागच्या रविवारी तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्या टीममध्ये हल्ली तिघंच का असतात?" मी म्हणाले, चौथीला रेंज नसते. ते खोटं होतं. रेंज तिच्याकडेही होती. खरं तोंडाने सांगायला गेले तर मी मध्येच तुमच्या जेवणाखाण्याची चौकशी सुरू करीन, म्हणून लिहून पाठवते. सावकाश वाचा. अडलेला शब्द बाबाला विचारा.

हा बेटावरच्या लढाईचा खेळ माझ्या टॅबवर तुम्हीच घालून दिलात. रविवारी आमची सकाळ आणि तुमची शनिवारची संध्याकाळ, तेव्हा आपण तिघांनी खेळायचं असं ठरलं होतं. निनादने माझं नाव ठेवलं 'रिटायर्ड मॅडम'. पुढे तुमच्या परीक्षा आल्या, पोहण्याचे वर्ग आले. मी एकटीच खेळू लागले. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई कोणतंही काम वही घातल्याशिवाय करत नाही. कुठे उतरायचं, कोणत्या घरात औषधपेटी असते, सगळं मी तक्त्यात लिहून ठेवलं होतं. तरी दर वेळी तेच व्हायचं. एखाद्या घरात शिरायचं, दार लावून त्याच्या आड उभं राहायचं आणि कोणीतरी खिडकीतून येऊन मारून जायचं. एकटीने खेळताना पडलं की संपलं. उचलायला कोणी नसतं.

एके दुपारी मी एकटीचा सोडून चुकून चौघांचा खेळ निवडला. हेडफोनमधून घुंगरांचा आवाज आला आणि पाठोपाठ एक बाईमाणूस खणखणीत बोललं, "ओ मॅडम, दाराआड काय उभ्या राहायलाव? चोर हाव का काय? भाईर या, मी मागं हाय." मी चमकले. इतकं आपल्या भागातलं मराठी त्या बेटावर मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी बाहेर आले. त्या दिवशी पहिल्यांदा वीस मिनिटं जिवंत राहिले.

तिने खेळातलं नाव 'राखण' ठेवलं होतं. ती चारठाण्याजवळच्या वाडीवर शेळ्या राखायची. दुपारी बाराला शेळ्या बाभळीखाली बसल्या की तिला दोन तास फुरसत असे. भावाने टाकून दिलेला फोन, काचेला तडा, मागचं झाकण रबराने बांधलेलं. टोळीतले बाकीचे दोघे आमच्या मानवतचेच, एका कापसाच्या जिनिंगमधले मिस्त्री आणि त्यांची बायको. मिस्त्री भरपूर बोलत, त्यांची बायको बोलत नसे, फक्त हसत असे. बरोबर बाराला टॅबवर राखणचं बोलावणं येई आणि मी हिरवं बटण दाबलं की ती म्हणे, "शेळ्या बसल्या बाई. चला."

खेळातल्या एकाही गोष्टीला ती त्या गोष्टीच्या नावाने हाक मारत नसे. शत्रू म्हणजे लांडगे. औषधपेटी म्हणजे हळद. जखमी झालं की ती ओरडे, "बाई, आदी हळद लावून घ्या!" बेटाभोवतीचं वर्तुळ हळूहळू लहान होत जातं, तुम्हाला माहीतच आहे. त्याला ती वाडगं म्हणे, म्हणजे शेळ्या कोंडायचं कुंपण. "वाडगं आवळायलंय, आत सरा." मी तिला सुधारायला गेले. एनिमी म्हणावं, झोन म्हणावं, नॉर्थ-ईस्ट म्हणावं. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि पुढच्याच मिनिटाला सांगायची, "उगवतीच्या टेकडावर दोन लांडगे." मी नॉर्थ-ईस्ट शोधेपर्यंत मिस्त्री उगवतीकडे वळलेले असत.

कधी ऐन गोळीबारात ती म्हणे, "थांबा, एक द्वाड कुणाच्या तरी हरभऱ्यात घुसलीया." फोन खाली ठेवून ती पळे. खेळातली तिची बाहुली मैदानात नुसती उभी. मग आम्ही तिघं त्या बाहुलीभोवती कडं करून उभे राहत असू. लांबून तिच्या शिव्या ऐकू येत, ज्या मी इथे लिहिणार नाही. तेवढा वेळ तिची राखण आम्ही करायचो.

दर लढाईनंतर मी विचारायची, "किती राहिलो?" तिला तो प्रश्न आवडत नसे. "मोजून काय व्हतंय? मोजताना चूक व्हती. कोण न्हाई ते बगावं." संध्याकाळी वाडग्यात शेळ्या घेताना ती आकडा मोजत नसे. नुसती नजर फिरवायची, आणि जी नाही ती तिला बरोबर कळायची. खेळातही ती आमच्यावर तशीच नजर फिरवी. कोणी पडलेलं असलं की गुडघ्यावर बसून उचलायला येई. उचलायला दहा सेकंद लागतात, आणि त्या दहा सेकंदांत उचलणाऱ्याला बंदूक धरता येत नाही. किती वेळा ती मला उचलता उचलता स्वतः मेली. "एकटी पुढे गेली असतीस तर जिंकली असतीस," मी म्हणायची. "जिकून सांगू कुणाला? शेळीला?"

गेल्या थंडीत मानवतमधल्या एका मोबाईलच्या दुकानदाराने या खेळाची स्पर्धा भरवली. चौघांनी समोर येऊन खेळायचं. हौस माझी होती. महिला मंडळात मी सांगून बसले होते की माझी टीम आहे आणि मी तिची कॅप्टन आहे. राखण म्हणाली, "मला जिकायचं न्हाई बाई. तुमाला एकदा बगायचंय. बाकी कायबी नको."

शेळ्या जावेकडे सोडून ती निघाली. जीपने देवगाव फाटा, तिथून एसटीने सेलू, सेलूहून दुसरी एसटी. मी सभागृहाच्या पायऱ्यांशी उभी होते. ती समोर येण्याआधीच मी तिला आवाजावरून ओळखलं, कारण ती रिक्षावाल्याशी भांडत येत होती. चाळिशीची, काटक, हनुवटीवर गोंदण. अंगावर नवं लुगडं, दुकानातल्या घड्यासुद्धा मोडलेल्या नव्हत्या. हातात बोरांची पिशवी. मला पाहून ती लहान मुलीसारखी लाजली. "बाई, तुमी तर लयच उंच हाव की!"

तेवढ्यात मागून हाक आली, "मॅडम! तुम्ही इथे?" माझा जुना विद्यार्थी. आता गावातला मोठा डॉक्टर, त्या दिवसाचा पाहुणा. सोबत त्याची बायको, आमच्या मंडळाची अध्यक्ष. तो माझ्या पाया पडला आणि राखणकडे पाहून सहज म्हणाला, "ह्या कोण?"

मी काय सांगणार हे माझ्या मनात आधीपासून तयार होतं. 'ही राखण, आमच्यात सगळ्यात हुशार.' अध्यक्षबाई राखणच्या पायांकडे पाहत होत्या. भेगाळलेल्या टाचा, प्लॅस्टिकची चप्पल. आणि माझ्या तोंडून निघालं, "ह्या आमच्याकडे कामाला असतात. सोबतीला आल्यात."

राखणने माझ्याकडे पाहिलं. दहा सेकंद तरी पाहिलं असेल. मला तेवढ्यात बोललेलं फिरवता आलं असतं. मी चष्मा पुसला.

डॉक्टर तिला चांगुलपणानेच म्हणाला, "मावशी, मॅडमची पिशवी धरा. त्यांना पायऱ्यांचा त्रास होतो." राखणने हात पुढे केला. "द्या बाई."

आमच्या टोळीचं नाव पुकारलं तेव्हा मिस्त्री आणि त्यांची बायको माझ्याबरोबर व्यासपीठावर आले. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मिस्त्री वरून ओरडले, "राखणताई, या की वर! कुठं बसलाव?" अख्खं सभागृह मागे वळलं. शेवटच्या रांगेत माझी पिशवी मांडीवर घेऊन ती बसली होती. मला वाटलं, आता सगळं उघडं पडणार. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला तिची नाही, माझी काळजी वाटली. ती तिथूनच म्हणाली, "मी न्हाई बा. मी बाईच्या सोबतीला आलेली. तुमची राखण आली नसंल." मिस्त्री तिचा आवाज ओळखत होते. ते माझ्याकडे बघत राहिले. मी टॅबकडे बघत राहिले.

आम्ही तिघंच खेळलो. मागे कोणी नव्हतं. मी सवयीप्रमाणे एका घरात शिरून दाराआड उभी राहिले. मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं, फक्त मला दिसत नव्हतं. आणि शेवटच्या रांगेतून तोच आवाज आला, हेडफोनमधून नाही, सभागृहातून. "बाई, मागं! मागं बगा, खिडकीत!" लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "मॅडमच्या कामवालीलापण कळतंय की खेळ." मी मागे वळले नाही. मागे वळले असते तर ती दिसली असती. मी पडले. थोड्या वेळात मिस्त्री आणि त्यांची बायकोही पडले.

मी तिला बसस्टँडपर्यंत सोडायला गेले.  रस्ताभर ती बोलत होती, कोणती शेळी विणार आहे, जावेला दूध काढता येत नाही. इथेही ती माझ्या मागूनच चालत होती. एसटीत चढण्याआधी तिने पिशवी परत दिली, वर बोरं ठेवली आणि हसून म्हणाली, "पर बाई, एवढं नवं लुगडं नेसून कामाला कोण जातंय हो? तुमच्या डॉक्टरला तवाच कळलं आसंल."

तिला राग आला असता तर बरं झालं असतं.

इथपर्यंतचं वाचून तुम्हाला वाटेल की तिने मला सोडलं. तसं झालं नाही. दुसऱ्याच दिवशी, बरोबर बाराला, टॅबवर तिचं बोलावणं आलं. हिरवं बटण चमकत होतं. मी दाबलं नाही. काय बोलणार होते? तिसऱ्या दिवशीही आलं. मी रोज टॅब समोर घेऊन बसायची आणि ते बटण मावळेपर्यंत बघायची. आठ दिवस ती बोलावत राहिली. नवव्या दिवशी आलं नाही. मला हायसं वाटलं, हेही लिहून ठेवते.

मग मी पुन्हा एकटीचा खेळ सुरू केला. तोच तक्ता, तेच दार. मिस्त्रींनी एकदा बाजारात गाठून एवढंच विचारलं, "मॅडम, राखणताईंचं काय?" मी भाजीवालीला कोथिंबिरीचा भाव विचारू लागले.

होळीनंतर न राहवून मी चारठाण्याला गेले. रिक्षा करून जुन्या देवळांपाशी उतरले आणि सावलीला बसलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं. "नाव काय बाईचं?" तो म्हणाला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दीड वर्षात मी तिला तिचं नाव विचारलंच नव्हतं. व्याकरण सुधारत होते, नाव विचारलं नव्हतं. "राखण," मी म्हणाले. म्हातारा हसला. "हितं सगळेच राखण करतेत बाई." मी गोंदणाचं सांगितलं, फोनला रबर बांधलेलं सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "ती व्हय! फोनवर लांडगे मारती ती. वाडीवरले समदे जितराबं घेऊन गोदेकडं खाली गेलेत, चारा न्हाई म्हणून. पानी पडल्यावर येतील. आले तर."

मी त्याच्याकडे निरोप ठेवला. काय ठेवावा सुचेना. शेवटी म्हणाले, "मानवतच्या बाई आल्या होत्या म्हणावं. तू कामाला नाहीस म्हणावं, टोळीत आहेस." त्याला काही कळलं नाही. त्याने मान हलवली.

आता रोज बाराला मी तिला बोलावणं पाठवते. तिच्या नावापुढचा दिवा विझलेलाच असतो. मिस्त्रींना मी सगळं सांगितलं. त्यावर त्यांची बायको पहिल्यांदा बोलली, "मॅडम, तुमी आता मागं चला." तेव्हापासून आम्ही तिघं खेळतो. मिस्त्री पुढे, त्यांची बायको मध्ये, आणि शेवटी मी. हळू चालते, वारंवार मागे वळते, नेम अजून चुकतोच.

चौथी जागा आम्ही कोणाला देत नाही. खेळ संपला की मिस्त्री विचारतात, "मॅडम, किती राहिलो?" मी मोजत नाही. कोण नाही ते बघते.