गप्प बसलेला डबा

प्रेमानंद मेश्रामचे गुडघे आता झाडावर चढण्याजोगे राहिले नव्हते. तरी कामठीहून पहिली बस धरून तो पारशिवनीपलीकडच्या जंगलात जाई आणि झाडांवर बसवलेले डबे तपासत फिरे. धूर कळला, की एक डबा दुसऱ्याला बिनतारी निरोप देई, दुसरा तिसऱ्याला, आणि आग पसरायच्या आत नागपुरातल्या ऑफिसात पडद्यावर लाल ठिपका उमटून तिथल्या वनरक्षकाला निरोप जाई. वानरं अँटेना मोडत, मुंग्या आत घर करत. ते निस्तरणं त्याच्या वाट्याला आलं होतं.

मोहफुलांच्या दिवसांत सगळ्यात जास्त बोंबले तो फुलं वेचणाऱ्या म्हाताऱ्या भीमाबाईच्या मोहाजवळचा डबा. दरवेळी वनरक्षक देवाजी धावत येई आणि म्हातारीला दटावून जाई.

“तुहा डबा चुगलखोर आहे गा,” ती प्रेमानंदला म्हणाली.

“मंग पाला काहून जाळतं वं मावशी? वारा सुटला तं जंगल जाईन.”

“न जाळीन तं फुलं दिसतीन कशी? नजर गेली, कंबर वाकत नाही.”

पुढच्या खेपेला त्याने एका बांधकामावरची जुनी हिरवी जाळी मागून आणली. दोघांनी ती मोहाखाली खुंट्यांना ताणून बांधली. फुलं जाळीत पडू लागली. पाला पेटवायचं कारणच उरलं नाही.

मग ऑफिसातून उन्मेष साहेबांचा फोन आला. “तो डबा बिघडला वाटतं. बाकीचे बोंबलतात, हा गप्प. जाऊन बघा.”

“सर, तिथं आग लागतच नाही आता.”

“धूर कळतो का, ते बघा.”

चैत्राचं ऊन डोक्यावर घेऊन प्रेमानंद पुन्हा गेला. घमेल्यात मूठभर पाला पेटवून त्याने डब्याखाली धरला. धुराने डोळे झोंबले.

“आता तूच जाळून राहिला का?” भीमाबाई हसली.

तेवढ्यात देवाजीचा फोन. “प्रेमानंदभाऊ, आग कुठवर पसरली गा?”

देवाजीला आधी कळवायचं राहूनच गेलं होतं. “आग नाही गा. साहेबाले डबा जिवंत दाखवाचा होता.”

“मी तं अर्ध्या रस्त्यात आलो न!”

“आला तं ये,” प्रेमानंद घमेल्यात माती लोटत म्हणाला. “येतांनी पाणी आण. माहं संपलं.”

आणि तो तिथंच सावलीत आडवा झाला.