टिंबाआधीची रेघ

शेजारच्या टेबलावरच्या नलिनीताईंनी मागून हात घालून 'अनडू'चं बटण दाबून माझा बदल मागे घेतला नसता, तर आज माझी नोकरी गेली असती. हैदराबादच्या या ऑफिसात मी कॉम्प्युटरवर लोकांची नावं आणि मराठी पत्ते नीट करते. 'रा.' दिसेल तिथे 'राहणार' कर, अशी एकच आज्ञा मी सगळ्या ओळींना दिली. बघते तर रामा 'राहणारा', राधाही 'राहणारा' आणि साताऱ्याचं 'साताराहणार'! तासाभरात फाइल साहेबांकडे जायची होती. नववीत शाळा सुटलेल्या मुलीला दुसरीकडे कोण उभं करणार?

"अगं, सगळ्यांना भाडेकरू केलंस की!" ताई हसल्या. "या आज्ञेत टिंब म्हणजे कुठलंही अक्षर. टिंबाला नुसतं टिंबच म्हणायचं असेल, तर त्याच्याआधी तिरकी रेघ द्यायची."

रेघ देऊन मी आज्ञा पुन्हा चालवली आणि फाइल वेळेत साहेबांकडे गेली. डोळे चुरचुरत होते, तरी मी त्या टिंबाकडेच बघत बसले. परमुलखात माणसाचंही असंच टिंब होतं. त्याच्या जागी कुणीही चालतं. मग कुणीतरी येऊन शेजारी उभं राहतं, आणि आपण पुन्हा आपण होतो. ताई अजून माझ्या खुर्चीला रेलून उभ्या होत्या, तिरक्याच.

ताई, तुमच्यावर कधी अशी वेळ आली, तर तुमच्याआधी मी उभी राहीन.