प्रोसेसर नानांची मतं

माझ्या थोरल्या बहिणीला बघायला आलेल्या मुलाला शेजारच्या नानांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "मशीन कुठलं?"

त्यांना विचारायचं होतं की त्याच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर कोणत्या कंपनीचा आहे. पण आम्ही राहतो सुरतेत, मुलगा बमरोलीत कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर, आणि सुरतेत मशीन म्हणजे कापड विणायचा माग. तो अदबीने म्हणाला, "वॉटरजेट, काका. नवीनच बसवलेत." ही कंपनी नानांच्या ऐकण्यात नव्हती. "गरम होतं का?" त्यांनी जपून विचारलं. "छे, पाण्यावरच चालतं ना," मुलगा म्हणाला. पाहुणे गेल्यावर नाना माझ्या वडिलांना बाजूला घेऊन म्हणाले, "मुलगा फार पुढचा आहे. होकार कळवून टाका." लग्न झालं, संसार चांगला चालला आहे, आणि ते जमवल्याचं श्रेय नाना आजही घेतात.

नाना आमच्या समोरच्या दारात राहायचे. मूळचे अमळनेरकडचे, बँकेच्या बदलीत सुरतेला आले आणि इथलेच झाले. बँकेत कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर युनियनच्या मोर्चात सगळ्यात पुढे घोषणा देणारे नानाच होते, असं त्यांच्या घरच्या काकू सांगतात. साहेबाने शिक्षा म्हणून त्यांनाच कॉम्प्युटरच्या ट्रेनिंगला अहमदाबादला पाठवलं. तिथून ते परत आले ते प्रेमात पडून. घोषणा देण्याची सवय मात्र गेली नाही. आधी ते कॉम्प्युटरच्या विरुद्ध बोलायचे, नंतर कॉम्प्युटरच्या बाजूने, पण तो बनवणाऱ्या कंपन्यांच्या विरुद्ध बोलू लागले.

प्रोसेसर बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांना ते नावाने कधी हाक मारत नसत. एक थोरली, एक धाकटी, जशा काही एका घरातल्या जावा. थोरली माजलेली, दुकानदारांना मुठीत ठेवणारी. धाकटी गुणी, पण तिचं कोणी ऐकत नाही. त्यामुळे आमच्या बिल्डिंगमध्ये झाडून सगळ्यांनी नानांच्या सल्ल्याने धाकटीचं मशीन घेतलं. मे महिन्यात त्यांच्या पंख्यांचा आवाज जिन्यात ऐकू यायचा. मी तक्रार केली तर नाना म्हणाले, "बाई, तत्त्व म्हटलं की थोडं गरम होणारच." पुढे काळ फिरला, धाकटी वर आली, थोरली घसरली. नानांनी महिनाभर विचार केला आणि थोरलीचा प्रोसेसर विकत आणला. "आता त्या बिचारीला कोण आहे?" ते म्हणाले.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत ते याहून कडक. विकतचं नको आणि चोरीचं तर नकोच, म्हणून त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली फुकट प्रणाली बसवली होती. तिच्यावर प्रिंटर कधी चालला नाही. काकूंना भजनाची पानं छापायची असली की त्या गुपचूप आमच्याकडे यायच्या. "आमना घरना कॉम्प्युटर स्वतंत्र शे," त्या अहिराणीत सांगायच्या, "म्हनीसन तो काही काम करत नही."

कुठल्याही ॲपवर 'मला मान्य आहे' असं बटण आलं की नाना त्याच्यावरचा सगळा मजकूर वाचायचे. सोसायटीने येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नोंदीसाठी ॲप घ्यायचं ठरवलं, तेव्हा सभेत उभे राहून त्यांनी तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. आपल्याकडे कोण येतं, किती वाजता येतं, ही माहिती कंपनी कोणालाही देऊ शकते, असं त्यात लिहिलं होतं. "यांची नीती काय आहे ते बघा," नाना म्हणाले. सेक्रेटरी जरीवालांनी हात जोडले. "काका, लिफ्ट बंध छे. पहेलां एनुं बोलो ने." सगळे हसले, पण ॲप काही आलं नाही. लिफ्टही बरेच दिवस आली नाही.

हे सगळं एक व्यक्ती मन लावून ऐकत होती आणि आमच्या कोणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. नानांची मुलगी प्राची. ती कॉम्प्युटर शिकली, पुण्याला एका कंपनीत लागली. कंपनी कारखान्यांसाठी हजेरीची यंत्रं बनवायची. कामगाराने कॅमेऱ्यापुढे उभं राहायचं, यंत्र चेहरा ओळखतं, हजेरी लागते. ही यंत्रं आमच्या सुरतेशेजारच्या सचिन गावातल्या औद्योगिक वसाहतीत, कापड रंगवणाऱ्या एका डाईंगच्या कारखान्यातही बसली, तेव्हा नानांनी पेढे वाटले. मी विचारलं, "नाना, या कंपनीची नीती तपासलीत का?" ते म्हणाले, "छोटी कंपनी आहे हो. छोट्यांना कुठली अनीती परवडते?"

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे बसले होते. प्राचीचा फोन आला. नानांना कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळे मलाही सगळं ऐकावं लागलं. ती म्हणाली की यंत्र चुकतं. रंगाची वाफ, घाम, काळवंडलेला चेहरा असला की ओळखत नाही आणि माणूस आलेला असून गैरहजर लावतं. तिने वरिष्ठांना दाखवलं. त्यांना आधीच माहीत होतं. आणखी कारखान्यांशी करार होईपर्यंत बोलू नकोस, असं तिला सांगितलं होतं.

"मी कारखान्यांना सरळ कळवणार आहे," प्राची म्हणाली. "नोकरी जाईल बहुतेक."

नानांनी फोन जवळ ओढला. मग म्हणाले, "तू वर सांगितलंस ना? मग तुझं काम झालं. नोकरीत एवढं तेवढं चालतंच."

"नाना, हे तुम्ही बोलताय?"

"मी बाप म्हणून बोलतोय."

"मग इतकी वर्षं कोण म्हणून बोलत होतात?"

तिने फोन ठेवला. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "इतला वरीस आख्ख्या गावले सांगं. एक पोरनीच आयकं, अन् तिलेच आते गप बठाडी ऱ्हायनात?"

नाना उठून गॅलरीत गेले. मीही घरी निघून आले.

पुढचे काही दिवस ते खाली उतरले नाहीत. मग एका संध्याकाळी आमच्याकडे आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. "बाई, पोरगी वाढवून तर सांगत नसेल?" त्यांनी विचारलं. मी मराठी शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे वडील सचिनला जातात. त्याच आठवड्यात एक आई शाळेत आली होती. नवरा रोज कामावर जातो आणि पगार मात्र खाड्यांचा कापून येतो, म्हणजे तो मधल्या वेळात जातो तरी कुठे, असा संशय तिने माझ्याजवळ बोलून दाखवला होता. मी ते नानांना सांगितलं. त्यांनी चहा तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते बसने सचिनला गेले. पाळी बदलायच्या वेळी कारखान्याच्या फाटकासमोर, पानाच्या टपरीजवळ उभे राहिले. परत आल्यावर त्यांनी मला जिन्यातच गाठलं. "नळावर रांग होती," ते म्हणाले. "माणसं तोंड धुऊन कॅमेऱ्यापुढे जात होती. एक जण तीनदा धुऊन आला. आपल्याकडच्याच बोलीत यंत्राला म्हणत होता, 'मीच शे रे भाऊ, देख ना.'" एवढं सांगून ते जिना चढायला लागले, मग मधेच थांबले. "आणि हे मशीन बसलं म्हणून मी पेढे वाटले होते."

त्यांनी तिथूनच, लँडिंगवर उभं राहून प्राचीला फोन लावला. "लिही," ते म्हणाले. "आणि पाठवायच्या आधी मला दाखव. भाषा सभ्य हवी."

प्राचीने लिहिलं आणि आठवड्याच्या आत तिची नोकरी गेली. कंपनीने कोर्टाची भाषा करून बघितली, मग ते प्रकरण थंड पडलं. सचिनच्या मालकाने यंत्र काढलं नाही. घेतलेली वस्तू फेकणं सुरतेच्या माणसाला जमत नाही. त्याने यंत्राशेजारी स्टूल टाकून एक माणूस बसवला. यंत्राने ओळखलं नाही की तो माणूस ओळखतो. खाडे थांबले. माझ्या वर्गातल्या त्या मुलाच्या आईचा संशय फिटला की नाही, ते मात्र मला विचारता आलं नाही.

प्राची काही महिने घरी येऊन राहिली. त्या काळात बापलेकीत फारसं बोलणं होत नसे. दोघं संध्याकाळी शेजारी बसून शेंगा सोलायची. नाना बदलले ते तेव्हा. कोणी विचारलं, "काका, लॅपटॉप कुठला घेऊ?" तर म्हणायचे, "कुठलाही घे. रंग बघून घे." आम्हाला ते ऐकवत नसे. जरीवालांनी तर एका सभेत स्वतःहून त्यांना एका नव्या ॲपबद्दल मत विचारलं, आणि नाना म्हणाले, "बहुमत असेल तसं करा."

प्राचीला पुन्हा पुण्यात नोकरी लागली तेव्हा तिने दोघांना बरोबर न्यायचं ठरवलं. टेम्पोत सामान चढत होतं. मी डबा घेऊन खाली उतरले. नाना फाटकाशी एकटेच उभे होते.

"मतं सोपी होती, बाई," ते म्हणाले. "मला त्यांची किंमत कधी मोजावी लागली नव्हती."

मी म्हटलं, "शेवटी तुम्ही 'लिही' म्हणालात ना."

"आधी 'नको' म्हणालो. ते तिच्या लक्षात राहणार, आणि राहावंच." त्यांनी डबा घेतला, झाकण नीट बसलंय का ते पाहिलं. "नव्या नोकरीचं पत्र आलं त्या दिवशी मी तिला सांगून ठेवलंय. पुन्हा कुठे असं काही दिसलं तर सरळ बोलून टाक, आधी मला विचारू नकोस. मी बाप आहे, मी नाहीच म्हणणार."

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, विचारणार. तुम्ही नाही म्हणालात की मला कळतं, हे बोलायलाच हवं आहे."

एवढं सांगून नाना गाडीत काकूंच्या शेजारी जाऊन बसले. मला वाटतं, आपल्या उरलेल्या आयुष्यात आपल्याला एक उपयोगाचं काम मिळालं आहे, असा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता.