चुकून दोनदा उघडलेला तक्ता

मॅनेजरचा हात स्विचवर होता. मी ओरडले, "हात काढ!" त्याने काढला नाही. मग मी त्याच्या आणि विजेच्या पेटीच्या मध्ये घुसले, चिनी मातीचे फ्यूज एकेक करून उपटले आणि वर्दीच्या खिशात घातले.

"बाई, अख्खी गिरणी खोळंबलीय," तो म्हणाला. "तुम्हाला यातलं काय कळतं?"

"यातलं नाही कळत. खाली नालीत दोन माणसं आहेत, एवढं कळतं."

सरकीच्या गोदामाखाली जमिनीत एक नाली होती. वरून पडलेली सरकी पुढे घाण्याकडे ढकलायला नालीत लोखंडी स्क्रू फिरायचा. माणूस आत असताना तो फिरला तर काय होईल, हे लिहायची गरज नाही. पोलिसात उमेदीची सगळी वर्षं घालवली, खून पाहिले, जळालेल्या बाया पाहिल्या. पण नोकरीतलं काय लक्षात आहे असं कुणी विचारलं, तर आधी तो स्विचवरचा हात डोळ्यांपुढे येतो.

प्रकरण धुळ्याचं. कचेऱ्यांत कॉम्प्युटर नवे नवे येत होते. मी पोलीस ठाण्यात महिला हवालदार होते. शाळा सातवीपर्यंत, तेवढ्यावर भरती झाले.

उन्हाळा होता. त्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या एका तेल गिरणीत सरकीचा ढीग घसरला. आमचे फौजदार साहेब जाऊन पंचनामा करून आले. गिरणीने पाळीची छापील यादी दिली होती. यादीतली सगळी माणसं हजर, एकाचा पाय मोडला, त्याला सिव्हिलला पाठवलं. ठाण्यात अपघाताची नोंद झाली आणि विषय संपला.

दुपारी एक बाई आली. पायात चप्पल नव्हती. म्हणाली, तिचा नवरा सकाळी त्याच गिरणीत कामाला गेला आणि दिसत नाही. गेटवरचा वॉचमन म्हणतो, या नावाचा माणूस इथे कामालाच नाही.

ठाणे अंमलदाराने बाई माझ्याकडे पाठवली. मी तिला बाकावर बसवलं नाही. उभी ठेवूनच विचारलं, "ढीग पडल्याचं तुला कुणी सांगितलं?"

"गल्लीमा बठ्ठा सांगी राह्यनात, अक्का."

"म्हणजे ढीग पडल्यावर तुला नवरा आठवला. भरपाई मिळेल असंही गल्लीनेच सांगितलं का?"

"मले भरपाई नको. तो तठेच शे. डबा लिसन गया, अजून उना नही."

"दारू पितो?"

"पेस."

"मग सुरतेला पळाला असेल. नाहीतर कुणा दुसरीकडे."

"दुसरीकडे जावाले त्याले कोन इचारस?" बाई म्हणाली. "मीच इचारत नही."

मला हसू आलं, पण दाखवलं नाही. खोटं बोलणारे लोकही हसवतात. अपघातानंतर दोन पैशांसाठी नवरा मेला म्हणून रडणाऱ्या बाया मी पाहिल्या होत्या, आणि नवरे चार दिवसांनी बसमधून उतरताना पाहिले होते. खोटं बोलणाऱ्या माणसाला जागेवर नेलं की तो ढिला पडतो. वाटेत पाणी मागतो, पोट दुखतं म्हणतो, परत फिरू म्हणतो. म्हणून मी तिला रिक्षात घातलं आणि गिरणीत नेलं. ती ढिली पडली नाही. रिक्षा हळू चालली म्हणून रिक्षावाल्याला शिव्या देत होती.

ढिला पडला तो मॅनेजर. आम्हाला पाहताच म्हणाला, "या मॅडम, थंडा मागवू?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत हवालदारणीला कुणी थंडा विचारला नव्हता. साहेब लोकांना विचारतात, आम्हाला बाहेरचा नळ दाखवतात. तिथून माझा संशय बाईवरून उठला आणि मॅनेजरवर बसला.

"थंडा राहू द्या. सकाळच्या पाळीची माणसं दाखवा."

त्याने आम्हाला काचेच्या खोलीत नेलं. तिथे कॉम्प्युटरवर एक ऑपरेटर बसला होता, लग्नाच्या वयाचा, कपाळावर घाम. खोलीत गारवा यायचं यंत्र चालू होतं, तरी घाम. दार उघडलं तसा त्याने घाईने काहीतरी दाबलं आणि पडद्यावरचं बदललं. पडद्यावर रकान्यांचा तक्ता होता. मॅनेजर म्हणाला, "बघा, हीच यादी सकाळी साहेबांना छापून दिली. या बाईच्या नवऱ्याचं नाव आहे का यात?"

नव्हतं. बाई म्हणाली, "मशीन खोटं बोलस."

"मशीन खोटं बोलत नाही, बाई," मॅनेजर म्हणाला. मग घड्याळ पाहून, "मी जरा गाळप चालू करायला सांगतो," असं म्हणून तो बाहेर गेला.

मला कॉम्प्युटरमधलं काही येत नव्हतं. मी ऑपरेटरकडे बघत होते. त्याची नजर तक्त्यावर नव्हती, पडद्याच्या तळाशी जात होती. तिथे एक पट्टी होती आणि पट्टीत दोन हिरवी चित्रं, अगदी सारखी.

"ही दोन कशाला?"

"एकच प्रोग्राम आहे, मॅडम. चुकून दोनदा उघडला गेला."

"मग एक बंद कर."

त्याने काचेतून बाहेर, मॅनेजर गेला त्या बाजूला पाहिलं.

चुकून उघडलेलं दार लावायला कुणाची परवानगी लागत नाही. मी खुर्ची ओढून त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले.

"काय लपवतोस?"

"काही नाही."

"दुसरा उघड."

"साहेब नोकरीवरून काढतील."

"आणि मी कुठे घालीन ते ठाऊक आहे ना?"

मग तो बोलला. तक्ते दोन होते. कायम कामगारांचा एक, तो दाखवायचा. रोजंदारीवर बोलावलेल्यांचा दुसरा, तो मजूर निरीक्षकाला दिसू द्यायचा नाही. आधी तो दोन्ही तक्ते एकाच प्रोग्रामात उघडायचा. पण तिथे एका तक्त्यातून दुसऱ्यात जायला एक टिचकी पुरते, आणि एकदा निरीक्षकासमोरच चुकीचा तक्ता वर आला. तेव्हापासून मॅनेजरने सांगितलं, प्रोग्रामच दोनदा वेगवेगळा चालवायचा. एकात दाखवायचं, एकात खरं.

"याला त्याची खबर नसते, मॅडम, आणि त्याला याची," तो म्हणाला. "एक अडकला तरी दुसरा चालू राहतो."

"खबर तुला तर होती ना? उघड."

त्याने दुसऱ्या चित्रावर टिचकी मारली. तसाच तक्ता, नावं वेगळी. तो वाचत गेला आणि बाईच्या नवऱ्याचं नाव आलं. बाई रडली नाही. पडद्याजवळ जाऊन उभी राहिली, काचेला बोट लावलं.

"शेवटच्या रकान्यात काय लिहिलंय?" मी विचारलं.

"कामाची जागा." त्याने रकान्यावरून बोट खाली नेलं. "याच्यापुढे आणि आणखी एकापुढे नाली लिहिलंय. सकाळी साफ करायला उतरवले होते. बाहेर आल्याची नोंद... मला वाटलं, आले असतील."

गाळप चालू करायला सांगतो म्हणून मॅनेजर गेला होता. मी धावले. पुढचं वर लिहिलंच आहे.

ऑपरेटरने ठाण्यात आमच्या फौजदार साहेबांना फोन लावला. हमालांनी फावडी आणली, अग्निशमनवाले आले. नालीचं तोंड सरकीने बुजलं होतं, ते मोकळं करायला वेळ लागला. बाई कडेला उभी राहून हमालांवर ओरडत होती, "अठे टाकू नका, तठे टाका!" सरकी परत खाली घसरत होती, तिचं बरोबर होतं. हमालांनी ऐकलं.

खाली माणसं आहेत हे मॅनेजरला ठाऊक होतं की नव्हतं, यावर नंतर कोर्टात दोन्ही बाजू खूप बोलल्या. तो शेवटपर्यंत म्हणाला, मजूर दुसऱ्या बाजूने वर आले असं समजलो. मी साक्षीत जे पाहिलं तेवढंच सांगितलं. मनात माझं थंडा विचारला तेव्हाच ठरलं होतं, पण कोर्टात ते चालत नाही.

लोक मला म्हणाले, गरीब बाईवर उगाच संशय घेतलास. मला त्याचं काही वाटत नाही. दया आली असती तर तिला पाणी पाजलं असतं, साहेब येतील तेव्हा ये म्हणून घरी पाठवलं असतं. ती खोटी आहे हे दाखवायला म्हणून मी गिरणीत गेले. एवढंच शिकले, की संशय घ्यायचा तर सगळ्यांवर सारखा घ्यायचा. फाटक्या लुगड्याशी थांबवायचा नाही, काचेच्या खोलीतही न्यायचा. आणि यादी समोर आली की तिच्यात कोण आहे ते वाचून झाल्यावर, कोण नाही तेही विचारायचं.

संध्याकाळच्या आत दोघांनाही बाहेर काढलं. नालीच्या तोंडाशी होता तो तिचा नवरा. डॉक्टर म्हणाले, ढीग घसरला तेव्हाच गेला. त्याला झाकून बाजूला नेलं, बाईला तोंड दिसू दिलं नव्हतं. दुसरा आत भिंतीला लागून बसला होता, तिथपर्यंत सरकी पोचली नव्हती. शिरपूरच्या पलीकडून, सातपुड्यातून आलेला मजूर. त्याच्या तोंडावर कापसाची लव चिकटली होती. बाईने पदराने त्याचं तोंड पुसलं, डोळे दिसले तशी म्हणाली, "हाऊ मना नही," आणि हा आपला नव्हे हे कळूनही पुसत राहिली.

त्याची चौकशी करायला ठाण्यात कुणी आलं नव्हतं. तो जगला.