आतेभावाची छाती

खाल्लेलं अंगाला लागू न देण्यात माझ्या आतेभावाचा हात धरणारा माणूस लातूर जिल्ह्यात अजून जन्माला यायचाय. औशाला आत्याच्या घरी पंगतीत बसला की समोरची भाकऱ्यांची चळत तो एकटा संपवतो, वर वाटीभर तूप पितो, आणि हात धुऊन उठल्यावर हा जेवला यावर पाहुण्यांचा विश्वास बसत नाही. हे सगळं जातं कुठं, हा आमच्या घराण्यातला जुना प्रश्न आहे. जाड माणसाबद्दल लोक निदान पाठीमागं बोलतात. बारीक माणसाला तोंडावर बोलतात, आणि वर त्यानं हसावं अशी अपेक्षा ठेवतात. लग्नाकार्यात कुणीही उठतो, त्याचं मनगट दोन बोटांत धरून चारचौघांना दाखवतो आणि विचारतो, "काय रे, माय जेवू घालत न्हाई का?" माय तिथंच शेजारी बसलेली असते. मला या प्रश्नाची चीड येते. आतेभावाला कधी आली नाही. तो फक्त श्वास आत ओढायचा, छाती पुढं काढायचा आणि माणसं पांगेपर्यंत तसाच उभा राहायचा.

माणसं काही पांगत नाहीत, त्यामुळं तो कायमच तसा उभा राहू लागला. चालताना फुगलेला, सायकलवर फुगलेला, देवळात नमस्कार करताना फुगलेला. श्वास धरून बोलायचं तर वाक्यं आखूड ठेवावी लागतात. त्यामुळं हा मुलगा गंभीर आहे, मोजकं बोलतो, अशी औशात ख्याती पसरली आणि त्या गांभीर्यावर एक-दोन स्थळंही सांगून आली. आत्या घरी शिलाई करते. ती गळ्यातला टेप काढून माप घ्यायला आली की हा आणखी फुगायचा. ती त्याच मापानं शर्ट बेतायची आणि म्हणायची, "भरलं की गं माझं लेकरू." सोड म्हणून ती त्याला कधी म्हणाली नाही. का म्हणेल? टेपवर दोन बोटं वाढलेली बघून तिला दिवसभर बरं वाटायचं. पण असा शर्ट घातला की श्वास सोडायची सोय राहत नाही. सोडला की शर्ट खुंटीला लावल्यासारखा लोंबतो. म्हणून तो सोडायचा नाही.

त्याला पोलिसात जायचं होतं. पळण्यात तो कुणाला ऐकत नव्हता. अडायचं छातीपाशी. न फुगवता ठरलेलं माप भरलं पाहिजे, आणि फुगवल्यावर त्याहून पाच सेंटीमीटर जास्त. त्याची पहिल्याच मापाला बोंब होती. एका जिमवाल्यानं त्याला पावडरीचा डबा विकला. डब्यावर मान नसलेल्या माणसाचं चित्र, आत साखर आणि केकचा वास. मी लातुरात ज्या गटाबरोबर काम करते तो असल्या लुबाडणुकीविरुद्ध पत्रकं काढतो. तो डबा बघून मी एका बैठकीत अख्खं पत्रक लिहिलं: 'डबा नको, डाळ खा'. डाळमिलांच्या शहराला डाळ खा म्हणून सांगावं लागतं ही शरमेची गोष्ट आहे, पण लागतं. बारीक असणं हा रोग नाही, असं पहिल्याच ओळीत ठणकावलं. पुढं लिहिलं की थोड्या थोड्या वेळानं खा, प्रत्येक जेवणात डाळ, अंडी नाहीतर दूध असू द्या, वजन उचला आणि सवय झाली की वाढवा, पळणं आटोक्यात ठेवा, भरपूर झोपा, आणि महिनोन् महिने दम धरा.

पत्रकांत लोक शेंगदाणे बांधतात, असा माझा अनुभव आहे. आतेभावानं ते पाठ केलं. एका चुलत्याला सावडायला सगळी भावकी स्मशानात जमली, तर हा लिंबाखाली उकडलेलं अंडं सोलत बसलेला. थोरले काका लाल होऊन बघत राहिले. हा म्हणाला, "येळ झाली." तो लातुरात ज्या डाळमिलात कामाला होता तिथं ट्रक लागला की हमालांच्या आधी पोत्याला पाठ लावायचा. शेवटी हमालांनीच मुकादमाला सांगितलं, "ह्याला आवरा. आमचं काम खायलाय." झोपेच्या बाबतीत तर त्यानं हद्द केली. सख्ख्या बहिणीच्या हळदीत, बँडच्या शेजारी, खुर्चीत ताठ बसून तो झोपला. झोपेतही फुगलेला आहे असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. तो नुसता डोळे मिटून होता, हे मला नंतर कळलं.

आणि अंगाला लागलं. खांदे आले, दंडावर बाही घट्ट बसू लागली. मध्येच तापानं आडवा झाला आणि कमावलेलं सगळं दोन आठवड्यांत गेलं. आत्या रडली. हा उठला आणि पातळ वरणापासून पुन्हा सुरू झाला, कारण वयात बसणारी शेवटची भरती समोर होती, नांदेडला.

मला पत्रकं वाटायला नांदेडला जायचंच होतं, म्हणून बरोबर गेले. मैदानाच्या फाटकाबाहेर उभी होते. तो फार लवकर बाहेर आला.

"कमी भरली?"

"न्हाई. लई भरली."

"मग?"

"सोड म्हणले."

"मग, दादा?"

"सुटंना."

माप घेणारा हवालदार चांगला होता म्हणे. पाणी दिलं, पाठ थोपटली, "घरी बसल्यावानी उभा ऱ्हा" म्हणाला. दादाला वाटत होतं आपण सोडलेलाच आहे. पण फुगवून आणि सोडून, टेप जवळजवळ एकाच आकड्यावर. मी तिथंच कागद काढला. ज्याला लोकांनीच फुगवून ठेवलं त्याला हा नियम कसला लावता, अशी सुरुवातही केली. त्यानं माझं पेन काढून घेतलं. "ऱ्हाऊ दे, पुढारीणबाई. माप बरोबर हाय त्यांचं."

लातूरच्या गाडीत तो खिडकीशी बसला. लोह्यापर्यंत त्याच आखूड वाक्यांत आत्याला काय सांगायचं ते ठरवत होता. "उंचीत गेलो म्हणू का?" मी म्हणाले, आत्या उंचीही मापते. लोहा मागं पडल्यावर तो झोपला. ह्या वेळी खरंच. डोकं खिडकीच्या दांडीला टेकलं आणि छाती खाली बसली. मी ती पहिल्यांदाच तशी बघत होते. शर्टात ओंजळभर जागा झाली, कॉलर मानेपासून सुटली. मग कुणी न सांगता ती हळूहळू वर आली, शर्ट भरला, क्षणभर थांबली आणि पुन्हा खाली गेली. मी डोळ्यांनीच टेप लावला. पाच काय, चांगले सहा भरले असते.

अहमदपूर आलं. त्याची खायची वेळ केव्हाच होऊन गेली होती, अंड्यांचा डबा माझ्या मांडीवर होता. मी त्याला उठवलं नाही.